मंगळवारचा जबाब

८ डिसेंबर २०२४, रविवार

आज प्रशिक्षणात मॅडम म्हणाल्या, फॉर्म वेगळा आणि वही वेगळी. फॉर्मवर फक्त समोरच्यानं दिलेलं उत्तर. तुम्हाला काय वाटलं, राग आला, कंटाळा आला, ते वहीत. वही कोणी तपासणार नाही. कोणी तपासणारच न्हाई तर लिहायचं कशाला, असं माझ्या मनात आलं. पण वही चांगली आहे, दोनशे पानी. घेतली.

कामाचं थोडक्यात. साधना मॅडम मानसशास्त्राच्या. साठीच्या पुढच्या, घरात एकट्या राहणाऱ्या माणसांचं मन कशानं सुधारतं, असा त्यांचा अभ्यास. त्यासाठी दोन गावं धरलीत. गोंदनवाडीत मोनिका नावाची पोरगी आठवड्यातून दोनदा जाऊन बारा म्हाताऱ्यांशी गप्पा मारणार. हिवरखेडीत बी बाराच माणसं, पण तिथं गप्पा न्हाईत. तिथं दर मंगळवारी मी जायचं, प्रत्येकाला वीस प्रश्न विचारायचे, उत्तर शाईनं लिहायचं आणि निघायचं. असे बारा आठवडे. शेवटी दोन्ही गावांचे आकडे शेजारी ठेवायचे. गोंदनवाडी वर गेली आणि हिवरखेडी जागेवर राहिली, तर गप्पांचा गुण सिद्ध. मंग दुसरा टप्पा मंजूर, त्यात हिवरखेडीला बी गप्पा मिळणार आणि मला दोन वर्षं काम. फरक न्हाई दिसला तर सगळंच बंद.

हे मला एका मिनिटात कळलं. बाकीचे तीन तास माना हलवत बसले. मी अकरा साल बियाण्याच्या कंपनीत ट्रायल प्लॉट लावले. एका वाफ्यात औषध, शेजारचा वाफा कोरा. कोरा नसला तर औषधानं काय केलं आणि पावसानं काय केलं, कसं कळावं? मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "कल्याण, तुम्ही कोऱ्या वाफ्याचे माणूस."

कंपनी का सोडली ते त्यांनी विचारलं न्हाई. इथं लिहितो. एका साली कोरा वाफा औषधाच्या वाफ्याइतकाच आला. वरून फोन आला, कोऱ्याचे क्विंटल जरा खाली घ्या. मी घेतले. पुढच्या साली त्याच शिवारातल्या लोकांनी ते औषध विश्वासानं फवारलं. मंग माझ्यानं त्या रस्त्यानं जाववेना. एवढंच.

सरावाला तोच फॉर्म आधी स्वतःवर भरायचा होता. घाई होती. मी सगळीकडं चार-चार टाकले.

१० डिसेंबर, मंगळवार

बदनापूरहून काळीपिवळी जीप, मंग दोन किलोमीटर पायी. सगळं नियमानं केलं. नियम असे: प्रश्न एकाच सुरात वाचायचा. दहा सेकंद थांबायचं. सुचवायचं न्हाई. उत्तर ऐकून चेहरा हलवायचा न्हाई. चहा घ्यायचा न्हाई, जेवायचं न्हाई, स्वतःबद्दल बोलायचं न्हाई.

पहिलं घर गोपिकाबाईचं. सत्तरीची बाई, धनगराची. मेंढरं विकून झाली, ल्योक वाळूजला कंपनीत. प्रश्न पहिला: गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही कोणासोबत बसून जेवलात?

"कोणासंगं जेवावं?" म्हणाली.

मी दहा सेकंद थांबलो.

"कोणासंगंच न्हाई."

शून्य लिहिलं. चौथा: किती दिवस कोणी दारात येऊन तुमची चौकशी केली? शून्य. सातवा: किती दिवस कोणाशी मनातलं बोललात? ती हसली आणि म्हणाली, "चुलीसंगं बोलते, ती धर." चूल धरता येत न्हाई. शून्य.

निघताना विचारलं, "तू कोणाचा रे लेकरा? गाव कोणतं?" मी म्हणालो, सांगायचा नियम न्हाई. ती बघतच राह्यली. मला बी कसंतरी झालं, पण नियम म्हणजे नियम.

भिंतीला भिंत लागून द्वारकाबाईचं घर. दोघींच्या अंगणामधी बोरीच्या काट्यांचं कुंपण. दोघी नऊ साल बोलत न्हाईत. गोपिकाबाईच्या शेळीनं हिच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या, तिथून. शेळी कवाची मेली. हे मी विचारलं न्हाई, तिनंच सांगितलं, आणि फॉर्मवर त्याला रकाना न्हाई. तिचे बी शून्य.

तिसरा धुळाजी. दांडगा म्हातारा, गुडघ्यानं बसलेला. अकरावा प्रश्न, शेवटचं पोटभर कधी हसलात, त्यावर तो इतका विचार करत बसला की मीच घड्याळ बघितलं.

शहरात मस्तगडला माझी भाड्याची खोली, तिथं आलो. खानावळीचा डबा आल्ता, वांग्याचं.

१७ डिसेंबर

पुन्हा शून्यच. गोपिकाबाईनं फॉर्मकडं बोट केलं. "हे काय काढलं?"

"शून्य."

"म्हणजे भोपळा. मागल्या बारीला बी भोपळाच काढला व्हता का?"

सांगायची परवानगी आहे का ते आठवेना. मान हलवली.

"एवढ्या धुळीतून येतोस आन भोपळे घेऊन जातोस व्हय," म्हणाली. मंग उठून घोटभर चहा आणला. मी घेतला न्हाई. तिनं तो तसाच चुलीपाशी ठेवला.

कोरा वाफा बराबर कोरा आहे. मॅडमला फोनवर तसं सांगितलं.

२४ डिसेंबर

काही विशेष न्हाई. फक्त गोपिकाबाईनं आणि द्वारकाबाईनं, दोघींनी पहिल्या प्रश्नाला "एक" सांगितलं. लिहिलं.

बद्रीनाथचा फोन आल्ता. माझा थोरला भाऊ. शहागडला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. उचलला न्हाई. चार सालापूर्वी पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव टाकलं न्हाई. भावकी होती, सरपंच होता, मयत चुलता बी होता, मी न्हाई. सख्खा काका. मी लग्नाला गेलो न्हाई आणि तिथून पुढं कशालाच न्हाई. लग्नाचं माझं जमलं न्हाई, लेकरूबाळ न्हाई, म्हणून का नाव गाळायचं?

डबा आल्ता. मेथी. कच्ची होती.

७ जानेवारी २०२५

काहीतरी गडबड आहे. गोपिकाबाई तीन. द्वारकाबाई तीन. धुळाजी चार दिवस कोणासोबत जेवला म्हणतो. बारातल्या नऊ जणांचे आकडे वर सरकले.

मला वाटलं, यांना कोणीतरी सांगितलं की जास्त आकडा दिला की योजनेत नाव लागतं. बाहेर पडून टपरीवर चौकशी केली. तसं काही न्हाई. उलट टपरीवाल्यानं मलाच विचारलं, "तुम्ही ते मंगळवारचे का? तुमची लई वाट बघतेत." वाट कशाला बघतात? मी देतो काय? वीस प्रश्न.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळ्या घरी तिळगूळ पुढं केला. नियमात चहा आणि जेवण लिहिलंय, तिळगुळाचं लिहिलेलं न्हाई. घेतला. बारा घरचे बारा.

आकडे आणखी वर. अकराव्या प्रश्नाला धुळाजी म्हणाला, "काल रातीच हसलो," आणि पुन्हा हसायला लागला. कशावर ते सांगेना. मी चेहरा हलवला न्हाई. जरा हलला असंल.

द्वारकाबाईच्या घराकडं जाताना काट्यांच्या कुंपणाला माणूस जाईल एवढं खिंडार दिसलं. मेंढरं घुसली असतील. गोपिकाबाईकडं आता मेंढरं न्हाईत, पण गावात दुसऱ्यांची असतील.

२२ जानेवारी, बुधवार

ऑफिसात मीटिंग झाली. मॅडमनी भिंतीवर दोन रेघा दाखवल्या. निळी गोंदनवाडी, लाल हिवरखेडी. निळी वर चढलीय. लाल तिच्या मागं मागं तशीच चढलीय, जोडीनं घाट चढल्यासारखी.

मोनिका माझ्याकडं बघून राह्यली होती. तिनं सहा आठवडे घसा फोडून गप्पा मारल्या, हिशोबानं तिचीच रेघ वर पाहिजे. मॅडम शांत आवाजात म्हणाल्या, "कल्याण, फॉर्म गावातच भरता ना?"

फार वाईट वाटलं. खोलीवर बसून भरतात बरेच जण, मला माहीत आहे. मी न्हाई भरत. मी म्हणालो, "मॅडम, धुळीचे बूट बघा." त्या म्हणाल्या, तसं नाही, विचारावं लागतं. पुढं म्हणाल्या की फरकच दिसला नाही तर दुसरा टप्पा मागायला तोंड राहणार नाही. म्हणजे हिवरखेडीला मोनिका मिळणार न्हाई आणि मला काम.

म्हणजे म्हातारी माणसं स्वतःचेच पाय तोडून राह्यलीत. ज्यांना गप्पांची गरज, तेच सांगतात आमचं उत्तम चाललंय. हे त्यांना सांगू बी शकत न्हाई.

३ फेब्रुवारी, सोमवार

पुढच्या तारखांची चिठ्ठी द्यायची राह्यलीती म्हणून आजच गेल्तो. धुळाजीच्या ओट्यावर बाराच्या बारा बसलेले. मला बघून चिडीचूप. द्वारकाबाईनं तर पदर तोंडाला लावला. मी चिठ्ठी दिली आणि धुळाजीला विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, "उद्याची तयारी."

झालं. कळलं मला. हे आदल्या दिवशी बसून उत्तरं ठरवतात. कोणी किती सांगायचं, सगळं संगनमतानं. आणि मी येडा बराबर शाईनं लिहून घेतो.

राग इतका आला की काळीपिवळी सोडून बदनापूरपर्यंत चालत आलो.

४ फेब्रुवारी

आज आकडे आणखी वर. गोपिकाबाई पाच. बोटं दुमडून मोजून सांगितले, बुधवार, गुरुवार, असं करत. पाठांतर चांगलंय.

बदनापूरच्या स्टेशनवर बाकावर बसलो. गाडीला अवकाश होता. पिशवीत कोरे फॉर्म होते. नऊ फॉर्म नव्यानं लिहिले. पाचाचे दोन केले, चाराचे एक. जुने फाडले. पहिल्या आठवड्यात शून्य होतं, म्हणजे खरं कुठंतरी एक-दोनच असणार. मी खोटं लिहिलं न्हाई, खोटं पुसून खऱ्याच्या जवळ आणलं. शिवाय यात त्यांचंच भलं आहे. आणि माझं बी आहे, ते का लपवू.

गार वारं होतं.

११ फेब्रुवारी

तेच केलं. आज सात फॉर्म. गोपिकाबाईनं पुन्हा पाच सांगितले. निघताना म्हणाली, "आता न्हाई ना भोपळा?" मी न्हाई म्हणालो.

मॅडमचा फोन. लाल रेघ खाली आलीय. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

१८ फेब्रुवारी

कसं लिहू समजत न्हाई. झालं तसं लिहितो.

गावात पोचलो तर मॅडमची जीप उभी. सोबत मोनिका. मॅडम म्हणाल्या, मधूनच एखाद्या आठवड्याची फेरतपासणी करतात, रीतच आहे. आधीच्या आठवड्यांचे फॉर्म त्यांच्या हातात. गोपिकाबाईच्या ओट्यावर बसल्या. द्वारकाबाई खिंडारातून आली आणि शेजारी टेकली. धुळाजी काठी टेकत आला.

मॅडमनी विचारलं, "मावशी, मागच्या मंगळवारी पहिल्या प्रश्नाला काय सांगितलं होतं, आठवतं का?"

"न आठवाया काय झालं? पाच."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"पाचच. बुधवारी, बेस्तरवारी द्वारकी हितं. शुक्रवारी ती तापानं निजल्ती, म्या तिच्या घरी पेज नेली. शनिवारी धुळाजीकडं. आयतवारी पुन्यांदा द्वारकी."

मॅडमनी हातातला कागद बघितला, मंग माझ्याकडं बघितलं. कागदावर दोन होते. मला वाटलं त्या काही बोलणार न्हाईत, घरी जाऊन बोलतील. पण मोनिका नवी पोरगी, तिच्या तोंडून गेलं, "इथं तर दोन लिहिलेत."

गोपिकाबाईला आधी कळलंच न्हाई. मंग माझ्याकडं वळली. "म्या पाच सांगितले व्हते ना रे लेकरा?"

दहा सेकंद झाले असतील, जास्तच.

"पाच येळा जेवले म्या. गुडघे धरून गेले. त्याचे दोन कसे झाले?"

तिथं मला बोलावंच लागलं. म्हणालो, तुम्ही सोमवारी बसून उत्तरं ठरवता, मी बघितलंय, म्हणून मी कमी केले. आता लिहिताना लाज वाटतेय, पण मी हे आवाज चढवून म्हणालो.

धुळाजीनं काठी आपटली न्हाई की काही न्हाई. शांतपणे सांगायला लागला. "ठरवत न्हाई, बाबा. तपासतो. ज्याचा आठवड्याचा भोपळा निघतो ना, त्याच्याकडं सोमवारी सांजच्याला दोघंजण भाकरी घेऊन जातेत. म्हणजे मंगळवारी त्याला खरा आकडा सांगता येतो. लबाड कोणी बोलायचं न्हाई, आसं पहिल्या दिशीच ठरलं. तू शाईनं लिवतोस."

मॅडमनी विचारलं, "पण हे सुरू कसं झालं?"

गोपिकाबाई माझ्याकडं बघत न्हवती, मॅडमला सांगत होती. "दोन बारी ह्यानं इचारलं आन दोन बारी भोपळा काढला. मला रातभर तेच. बरं, आजवर कोणी इचारलंच नव्हतं का म्या कोणासंगं जेवते. पोटचं पोर फोन करतं, गोळ्या घेतल्या का, एवढंच इचारतं. हा इचारतो आन थांबतो. आता थांबलेल्या माणसाला काय द्यावं? खोटं तर सांगता येत न्हाई. मंग भाकर फडक्यात बांधली आन द्वारकीच्या दारात गेले. म्हणलं, बोलू नको वाटलं तर, पण मला तुह्या वट्यावर जेवू दे. मला मंगळवारी जबाब द्यायचाय."

"मला बी द्यायचा व्हता," द्वारकाबाई म्हणाली. "कुंपण म्याच काढलं."

मॅडमनी पेन बंद केलं. मोनिकाच्या डोळ्यात पाणी आल्तं. माझ्या न्हाई आलं. मी मनातल्या मनात बेरीज करत होतो. नऊ फॉर्म आणि सात फॉर्म, सोळा. बाकावर बसून मी त्यांची सगळी जेवणं खोडून टाकली.

जीपमधी बसा म्हणाल्या मॅडम. मी चालत निघालो.

२० फेब्रुवारी

ऑफिसात गेलो. काम गेलंच, त्यात मला बी काही म्हणायचं न्हाई. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं फॉर्म तपासतेय, फुगवून लिहिलेले खूप बघितले, कमी करून लिहिणारे तुम्ही पहिले. मंग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. फरक दिसला तर तुमचं काम टिकेल, हे मोजणाऱ्या माणसाला सांगायलाच नको होतं."

मी विचारलं, मंग आता कसं? हिवरखेडी कोरा वाफा धरता येईल का?

"कशी धरणार? तुमचे सोळा फॉर्म खरे असते तरी नसती धरता आली. आपण समजलो, विचारणं म्हणजे नुसतं मोजणं. तिथं विचारण्यानंच माणसं उठून चालायला लागली."

"म्हणजे औषध कोणतं? गप्पा का प्रश्न?"

"मलाही माहीत नाही," म्हणाल्या. बिलकुल सरळ सांगितलं. इतकी शिकलेली बाई. दुसऱ्या टप्प्याचं आता सांगता येत नाही म्हणाल्या, नव्यानं मांडावं लागेल. मी म्हणालो, त्या लोकांना मोनिका मिळायची होती, ती माझ्यामुळं गेली. त्यांनी मलाच उलट विचारलं, त्यांना आता मोनिकाची गरज आहे असं वाटतं का?

माहीत न्हाई. अकरा साल प्लॉट लावले, पण वाफ्यानं स्वतः उठून शेजारच्या वाफ्यात जाणं कुठं बघितलं न्हाई.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात न्हाई. फॉर्मवर वीस प्रश्न होते. मी ते दहा आठवडे, बारा माणसांना वाचून दाखवले. सरावाच्या दिवशी स्वतःपुढं चार-चार टाकले होते. ते चार कोण होते?

डबा आल्ता. परत पाठवला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज बारावा आठवडा असता. नऊपर्यंत खोलीवर बसून राह्यलो. सवयीनं बूट घातले. म्हटलं, माफी तर मागितलीच पाहिजे.

गोपिकाबाई ओट्यावर हरभरे सोलत होती, शेजारी द्वारकाबाई. मला बघून कोणी ये म्हणालं न्हाई, जा बी म्हणालं न्हाई.

"कागद कुठंयत?"

"कागद न्हाईत. काम गेलं. माझं चुकलं, एवढं सांगायला आलो."

ती सोलत राह्यली. चार-पाच घाटे झाले. मंग हात थांबवला आणि माझ्याच सुरात, चढ न्हाई उतार न्हाई, म्हणाली, "गेल्या सात दिवसांत किती दिवस तुम्ही कोणासोबत बसून जेवलात?"

मी हसायला गेलो. ती हसली न्हाई. थांबली. अगदी माझ्यासारखी.

"चार," म्हणालो.

"कोणासंगं?" द्वारकाबाईनं मान वर न करता विचारलं.

"असा प्रश्न फॉर्मवर न्हाई."

"न्हाई ना. पण तू सांग."

दोन म्हाताऱ्या, हरभऱ्याचा ढीग, आणि मी त्रेचाळीस वर्षांचा माणूस. मला एक नाव सांगता येईना. डब्याच्या पोऱ्याचं नाव बी मला माहीत न्हाई.

"शून्य," म्हणालो.

"म्होरं," गोपिकाबाई म्हणाली आणि दुसरा प्रश्न विचारला. विसाच्या वीस तोंडपाठ. तेराव्याच्या जागी चौदावा घेतला, तो मी दुरुस्त केला. चौथ्याला शून्य. सातव्याला मी वही म्हणालो, ती म्हणाली, "मपली चूल तू धरली न्हाईस, तुपली वही कशी धरू?" तिथं बी शून्य. अकराव्याला मला काही सांगताच येईना, तर तिनं धुळाजीइतकाच वेळ दिला.

संपल्यावर म्हणाली, "वही हाय ना? लिव. शाईनं लिव, उद्या म्हणशील दोन व्हते."

लिहिलं. तिच्यासमोर, ओट्यावर बसून, पहिल्यापुढं भोपळा काढला.

"पुढल्या मंगळवारी येऊन सांगायचं," म्हणाली. माफ केलं असं म्हणाली न्हाई. मी बी विचारलं न्हाई. चहा दिला. आता नियम कोणता, ते कळेना. प्यायलो.

२८ फेब्रुवारी

तीन दिवस झाले, अजून शून्यच. टपरीवर एकाशेजारी उभं राहून पोहे खाल्ले, पण प्रश्नात "बसून" आहे. आणि तो माणूस फोनवर बोलत होता. न्हाई धरता येत.

लबाडी करायची तर किती सोपं आहे. कोण बघतंय? पण ती बोटं दुमडून विचारणार, बुधवार कोणासंगं, बेस्तरवार कोणासंगं.

३ मार्च, सोमवार

शहागडला गेल्तो.

न सांगता गेलो. बद्रीनाथ ट्रकच्या चाकाशी उकिडवा बसलेला. केस पांढरे झालेत, पार. मला बघून पाना हातातच राह्यला. "काय रे, कोणी गेलं का?" पहिलं वाक्य हेच. मी म्हणालो, न्हाई, जेवायला आलो. उद्या एका ठिकाणी जबाब द्यायचाय.

"पोलिसांत?"

"न्हाई. हिवरखेडीत. एका म्हातारीला."

त्याला काही समजलं न्हाई. पण पुढं विचारलं न्हाई, हात धुवायला गेला. दुकानाच्या मागंच घर. वहिनीनं दोन ताटं केली, बाजरीची भाकर आणि शेवग्याच्या शेंगा. पत्रिकेचं कोणी काढलं न्हाई. मी बी काढणार होतो, येताना गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं, मयत चुलत्यासकट. आयत्या वेळी म्हटलं, आधी जेवण होऊ दे.

अर्धी भाकर झाली आणि बाहेरून हॉर्न. बद्रीनाथ उठला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही घ्या, त्यांचं हे असंच असतं." वीस मिनिटं तरी गेली. शेंगा गार झाल्या.

आता हे कसं मोजायचं? सोबत बसून म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत का अर्धं चालेल, असं प्रशिक्षणात कोणी सांगितलं न्हाई. मॅडमला फोन करून विचारावं असं बी मनात आलं. पण तो आला. कोपरापर्यंत काळा, पायजम्याला हात पुसत पुन्हा ताटावर बसला आणि माझ्या ताटात बघितलं.

"तू अजून थांबलास?"

मी थांबलो होतो. धरतो एक.